नकाशाची छोटी लिंक: जागा कोडात कशी बसवावी

नकाशावरची जागा पाठवायच्या लिंका दोन जातींच्या. पहिलीत जागा लिंकच्या पोटातच असते: अक्षांश-रेखांशाचे आकडे, किंवा त्या आकड्यांची घडी घालून केलेली आठ-दहा अक्षरं. दुसरी म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला. बिल्ल्यावरच्या नंबरवरून चपला कोल्हापुरी आहेत की रबरी हे कळत नाही. स्टँडवाला जागेवर असेल तरच त्या नंबराला अर्थ. गूगल मॅप्सचं शेअर बटण दाबल्यावर येणारी छोटी लिंक या दुसऱ्या जातीची. तिच्यातली अक्षरं कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीकडे बोट दाखवतात, जागेबद्दल स्वतः काहीच सांगत नाहीत.

आज संध्याकाळी कुठे भेटायचं हे व्हॉट्सॲपवर कळवायला बिल्ला पुरतो. पण पत्रिकेवर, सोसायटीच्या फलकावर, ट्रेकच्या माहितीपत्रकात किंवा शेताच्या कागदपत्रांत जी लिंक वर्षानुवर्षं राहणार, ती पहिल्या जातीची असावी. लिंका छोट्या करणारी गूगलची सर्वसाधारण सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकांसाठी बंद झाली, आणि कुणी फिरकत नाही अशा जुन्या लिंकांना २५ ऑगस्ट २०२५ ही शेवटची तारीख दिली गेली. मॅप्सच्या शेअर बटणातून निघालेल्या लिंका त्यातून वगळल्या हे खरं, पण वगळायच्या की नाही हे स्टँडवाल्याने ठरवलं.

एक खुलासा आधीच. खाली कोडांमधली रोमन अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकायचे. लिंकमध्ये मराठी अंक गेले तर ती उघडेलच याचा भरवसा नाही.

आधी आकडे

सगळ्या कोडांचा कच्चा माल म्हणजे दोन आकडे. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडून हव्या त्या जागी राइट क्लिक करा. यादीत सगळ्यात वर आकड्यांची जोडी दिसते. तिच्यावर क्लिक केलं की कॉपी होते. फोनवर त्या जागेवर बोट दाबून धरा, पिन पडली की आकडे शोधपट्टीत किंवा खालच्या माहितीत येतात.

जोडीत अक्षांश आधी, रेखांश नंतर. महाराष्ट्रात अक्षांश १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ यांच्या दरम्यान असतो, म्हणजे लहान आकडा पहिला. उलट झालं तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. शनिवारवाड्याच्या आवारातला एक बिंदू घेऊ: १८.५१९५, ७३.८५५४. हीच जोडी उलटी टाकली की पिन नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडते. कुठलीही लिंक पाण्यात उघडली की पहिला संशय क्रमावर घ्यावा. काही फाइलप्रकारांत, उदाहरणार्थ जिओजेसनमध्ये, रेखांशच आधी असतो. तिथून आकडे उचलताना ही गफलत हमखास होते.

दुसरी गफलत अंश-मिनिट-सेकंदांची. जुने नकाशे, काही जीपीएस यंत्रं हाच बिंदू १८ अंश ३१ मिनिटं १०.२ सेकंद उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं १९.४ सेकंद पूर्व असा दाखवतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं असतं. ते न करता १८.३१, ७३.५१ असं लिहिलं की पिन ४० किलोमीटरहून जास्त नैऋत्येला, सह्याद्रीच्या रांगांत जाते. ही चूक पकडायला अवघड, कारण पिन महाराष्ट्रातच राहते आणि सगळं ठीकठाक दिसतं. दशांशानंतरचे पहिले दोन अंक कधीच ६० च्या पुढे जात नसतील, तर आकडे मिनिटांतले असण्याची शक्यता दाट.

तिसरी गफलत गूगल मॅप्सच्या लांबलचक पत्त्याची. ब्राउझरच्या पट्टीत ॲट या चिन्हानंतर आकड्यांची जी जोडी असते ती ठिकाणाची नसते, स्क्रीनच्या मध्यबिंदूची असते. नकाशा थोडा सरकवला की ती बदलते. ठिकाणाचे खरे आकडे त्याच पत्त्यात पुढे, उद्गारचिन्ह ३डी आणि उद्गारचिन्ह ४डी यांच्या लगेच नंतर असतात. ॲटनंतरचे आकडे उचलून पाठवणारे पुष्कळ, आणि पाहुणा मागच्या गल्लीत उभा.

जागेवर उभं राहून आकडे घेणार असाल तर उघड्यावर या. चांगल्या फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. घरात, झाडीत किंवा उंच इमारतींच्या फटीत ते भरकटतं. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. वर्तुळ आख्खी इमारत झाकत असेल तर ते आकडे घेऊ नका. उपग्रह चित्रावर बोटाने पिन टाकलेली जास्त बरोबर येते.

पिन कुठे ठेवायची यावर कोडाच्या अचूकतेपेक्षा जास्त अवलंबून असतं. नॅव्हिगेशन ॲप दिलेल्या बिंदूला जवळात जवळ जो रस्ता दिसेल तिथे माणसाला नेऊन सोडतं. मंगल कार्यालयाच्या छपराच्या मध्यावर पिन ठेवली आणि मागच्या बाजूने महामार्ग जात असेल, तर गाडी महामार्गावर कुंपणापाशी उभी राहते, आणि वळून यायला पुढचा फाटा गाठावा लागतो. पिन फाटकात ठेवा. सोसायटीला दोन फाटकं असतील तर वॉचमन ज्या फाटकातून बाहेरच्या गाड्या सोडतो त्यात. शेत असेल तर बांधाच्या मध्यावर नको, डांबरी सोडून पाणंद जिथे सुरू होते तिथे एक पिन आणि विहिरीपाशी दुसरी.

किती दशांश पुरे

अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणून दशांशानंतर दोन स्थळं ठेवली तर १.१ किलोमीटरची खूण राहते, तीन ठेवली तर ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे १.१ मीटर. सहावं स्थळ ११ सेंटिमीटरचं, आणि फोनच्या जीपीएसला ते कळतच नाही. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आखूड होत जातो. पुण्याच्या पट्ट्यात तो १०५.५ किलोमीटरच्या आसपास भरतो, पण हिशेबात त्याने फार फरक पडत नाही. फाटक दाखवायला पाच स्थळं भरपूर. ॲपमधून चौदा-पंधरा स्थळं कॉपी होऊन येतात, ती निःशंक कापा. लिंक तिथेच बरीच आखूड होते.

घर कुठल्या भागात आहे एवढंच सार्वजनिक पोस्टमध्ये सांगायचं असेल, तर याच हिशेबाने दोन दशांशांपर्यंत गोळाबेरीज करून द्या. बाहेरच्याला मोहल्ला कळतो, दार कळत नाही.

सगळ्यात साधी लिंक अशी बनते: मॅप्स डॉट गूगल डॉट कॉम, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, क्यू, बरोबरचं चिन्ह, अक्षांश, स्वल्पविराम, रेखांश. मध्ये कुठेही मोकळी जागा नको, नाहीतर मेसेजमध्ये लिंक मधूनच तुटते आणि अर्धीच निळी होते. आपल्या बिंदूसाठी, सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट, ही लिंक ४२ अक्षरांची होते. तिच्यात बिल्ला नाही, जागा आहे. उद्या ते संकेतस्थळ बंद पडलं तरी आकडे वाचून दुसऱ्या नकाशात टाकता येतात. बहुतेक कामांना एवढ्यावर थांबलं तरी चालतं. पुढचं आहे ते आणखी आखूड हवं असेल किंवा तोंडी सांगायचं असेल त्यांच्यासाठी.

डिजिपिन, कॅल्क्युलेटरवर

भारतीय डाक विभागाने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सोबतीने डिजिपिन तयार केला. २७ मे २०२५ ला तो सर्वांसाठी खुला झाला. दहा अक्षरांत देशातला सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन. जुन्या सहा आकडी पिनकोडची जागा तो घेत नाही, त्याच्या सोबत राहतो. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या त्या पिनकोडचे जनक कोकणातले संस्कृत कवी आणि डाक-तार खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.)

डिजिपिनची गंमत अशी की तो कुठल्या यादीत शोधावा लागत नाही. तो निव्वळ गणित आहे, आणि एकदा हाताने केलं की बाकीच्या सगळ्या कोडांचं मर्म कळतं. अक्षांश २.५ ते ३८.५ आणि रेखांश ६३.५ ते ९९.५ असा ३६ अंश बाय ३६ अंशांचा एक मोठा चौरस घेतलेला आहे. त्याचे चार बाय चार असे सोळा भाग, प्रत्येकाला एक अक्षर. मग त्या भागाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. अक्षरांची मांडणी अशी, उत्तर वर:

एफ, सी, ९, ८
जे, ३, २, ७
के, ४, ५, ६
एल, एम, पी, टी

पाठ करायला सोपी आहे. मधल्या २ पासून निघा, डावीकडे ३, खाली ४, उजवीकडे ५, ६, वर ७, ८, मग डावीकडे ९, सी, एफ, खाली जे, के, एल आणि शेवटी उजवीकडे एम, पी, टी. घड्याळाच्या उलट दिशेने उलगडणारी चकली.

आता हिशेब. अक्षांशातून २.५ वजा करून ३६ ने भागा: १६.०१९५ भागिले ३६, म्हणजे ०.४४४९८६११. याला ४ ने गुणा: १.७७९९४४. पूर्णांक १ लिहून ठेवा, उरलेल्या ०.७७९९४४ ला पुन्हा ४ ने गुणा: ३.११९७७८. पूर्णांक ३. असं दहा वेळा केलं की १, ३, ०, १, ३, २, २, २, २, १ अशी माळ मिळते. ही दक्षिणेकडून मोजलेल्या ओळींची माळ: ० म्हणजे एलची सगळ्यात खालची ओळ, ३ म्हणजे एफची सगळ्यात वरची.

रेखांशातून ६३.५ वजा करून तेच: १०.३५५४ भागिले ३६, बरोबर ०.२८७६५. चारने गुणत गेलं की १, ०, २, १, २, २, ०, ३, १, २. ही पश्चिमेकडून मोजलेल्या उभ्या रांगांची माळ.

दोन्ही माळा एकाखाली एक लिहून जोड्या लावा. पहिली जोडी १ आणि १: खालून दुसरी ओळ, डावीकडून दुसरी रांग, अक्षर ४. दुसरी जोडी ३ आणि ०: वरची ओळ, पहिली रांग, एफ. तिसरी ० आणि २: खालची ओळ, तिसरी रांग, पी. असं करत ४, एफ, पी, ४, ९, २, जे, ७, ३, ५. तिसऱ्या आणि सहाव्या अक्षरानंतर आडवी रेघ टाकली की झाला डिजिपिन: ४एफपी-४९२-जे७३५.

हाताने करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, ओळी वरून मोजणं. मग पुण्याचा कोड ४ ऐवजी ३ ने सुरू होतो आणि पिन थेट उत्तरेकडच्या पट्ट्यात जाते. दोन, भागाकार लवकर गोल करणं. ४ चा दहावा घात १०,४८,५७६; म्हणजे दहावं अक्षर बरोबर यायला दशांशानंतर किमान आठ स्थळं शेवटपर्यंत सांभाळावी लागतात. कागदावर ०.४४५० लिहून पुढे गेलात की आठव्या अक्षरापासून कोड भलतीकडे वळायला लागतो. तीन, मुळात आकडेच भरड असणं. चार दशांशांचा कण ११ मीटरचा आणि डिजिपिनचा चौकोन ३.८ मीटरचा; वरच्या उदाहरणात हिशेब सुटसुटीत दिसावा म्हणून चार दशांश घेतले आहेत, तेव्हा त्याच्या शेवटच्या अक्षरावर फार विसंबू नका. खऱ्या कामात पाच घ्या.

आलेला कोड नजरेने तपासायची एक खूण आहे. आख्खा महाराष्ट्र ३ किंवा ४ मध्येच येतो, आणि दोन्हींमधली हद्द २०.५ अंश अक्षांशावर. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे ३ मध्ये; नाशिक, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, पुणे, मुंबई आणि सगळा गोवा ४ मध्ये. यावरूनच दुसरी गोष्टही कळते: त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन वाड्यांच्या कोडांत एकही अक्षर जुळायचं नाही, जरी मध्ये एक बांधच असला तरी. सुरुवातीची अक्षरं सारखी असली तर जागा जवळजवळ, हे खरं. ती वेगळी असली तर जागा लांब, हे खरं नाही. डिलिव्हरीच्या याद्या कोडानुसार लावणारे इथे फसतात.

डिजिपिनमध्ये मजला नाही. तिसऱ्या मजल्याचा आणि तळघराचा कोड एकच, त्यामुळे फ्लॅट नंबर वेगळा लिहावाच लागतो. शिवाय हा कोड आहे, लिंक नाही. डाक विभागाच्या पानावर तो दोन्ही दिशांनी चालतो, पण समोरच्याच्या नकाशा ॲपला तो कळेल असं धरून चालू नका. मेसेजमध्ये वर लिंक आणि खाली डिजिपिन, अशी जोडी द्या.

प्लस कोड आणि दोन कर्जत

परदेशातल्या पत्त्याला डिजिपिन चालत नाही. दुबई त्या चौरसाच्या पश्चिमेला पडते, न्यू जर्सीचं तर नावच नको. तिथे प्लस कोड घ्या. गूगलने २०१४ मध्ये तो खुला केला, आणि गूगल मॅप्सच्या शोधपट्टीत तो सरळ टाकता येतो. त्यात वीस अक्षरं वापरतात, स्वर नाहीत, त्यामुळे चुकून कुठल्या भाषेतला वावगा शब्द तयार होण्याची भीती कमी. एकूण दहा अक्षरं, आठव्यानंतर अधिकचं चिन्ह. पहिली जोडी २० अंशांचा चौकोन सांगते, मग प्रत्येक जोडीला वीसने भाग: १ अंश, ०.०५, ०.००२५ आणि शेवटी ०.०००१२५ अंश, म्हणजे जेमतेम १४ मीटर. आपल्या बिंदूचा पूर्ण कोड ७जेसीएमजीव्ही९४+आर५.

इथे एक बारीक गोष्ट. ज्या अक्षांशाचं चौथं दशांश स्थळ ० किंवा ५ आहे आणि पुढे काही नाही, तो प्लस कोडच्या दोन चौकोनांच्या ऐन हद्दीवर येतो. आपला १८.५१९५ तसाच आहे. कॉम्प्युटरच्या आतल्या गोळाबेरजेमुळे एखादं साधन आरच्या जागी अलीकडचा क्यू देऊ शकतं. दोन्ही कोड शेजारीच उघडतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र दोन साधनांचे कोड जुळतात का एवढ्यावरून चूक-बरोबर ठरवू नका.

पहिली चार अक्षरं गाळून जवळच्या गावाचं नाव लावता येतं: जीव्ही९४+आर५ पुणे. आखूड आणि सुबक. पण गाळलेला कोड दर अंशाला, म्हणजे सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटरला, पुन्हा येतो. कुठला घ्यायचा हे गावाच्या नावावरून ठरतं. आणि महाराष्ट्रात एकाच नावाची गावं किती! कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीत आणि पुण्यात, मालेगाव नाशकात आणि वाशिममध्ये. रायगडातल्या कर्जतचा आखूड कोड समोरच्या ॲपने दुसरं कर्जत समजून उघडला, तर पिन बरोबर दोन अंश पूर्वेला, २१० किलोमीटरवर बीड जिल्ह्यात पडते. वाईट म्हणजे ॲप काही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कोड अगदी वैध असतो. गावाच्या नावाला जुळं असेल तर दहाच्या दहा अक्षरं द्या.

प्लस कोड लिंकच्या आत घालताना आणखी एक खोच आहे. प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचं चिन्ह मोकळ्या जागेसाठी राखीव असतं, त्यामुळे ते तसंच लिहिलं की कोड फुटतो. तिथे टक्क्याचं चिन्ह, २ आणि बी असं लिहावं लागतं.

ओपनस्ट्रीटमॅपची लिंक

लिंक म्हणून सगळ्यात आखूड आणि तरीही जागा पोटात बाळगणारी अशी ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची. संकेतस्थळावर शेअरचं बटण उघडा, खूण हवी असेल तर तो पर्याय निवडा, छोटी लिंक घ्या: ओएसएम डॉट ओआरजी, गो, आणि मग कोड.

आतलं गणित डिजिपिनचंच भावंड आहे, फक्त चार बाय चारऐवजी आठ बाय आठ. रेखांशात १८० मिळवून ३६० ने भागा, अक्षांशात ९० मिळवून १८० ने भागा, आणि आठने गुणत पूर्णांक काढत चला. आपल्या बिंदूचे पहिले पूर्णांक ५ आणि ४. दोन्ही द्विमान पद्धतीत लिहा, १०१ आणि १००, आणि वेणी घालावी तसे एकाआड एक गुंफा, रेखांशाचा अंक आधी: ११००१०, म्हणजे ५०. चौसष्ट अक्षरांची यादी कॅपिटल एपासून सुरू होते, मग स्मॉल अक्षरं, मग अंक, शेवटी अंडरस्कोर आणि टिल्ड. शून्यापासून मोजत पन्नासावं अक्षर स्मॉल वाय. आठ अक्षरांचा पूर्ण कोड होतो: स्मॉल वाय, २, कॅपिटल एस, आर, एन, ओ, मग ९ आणि अंडरस्कोर.

कोडाची लांबी झूमवर ठरते. झूममध्ये ८ मिळवून ३ ने भागा आणि वर गोल करा: झूम १६ ला आठ अक्षरं, १९ ला नऊ. भागाकारात बाकी उरली तर तेवढ्या आडव्या रेघा शेवटी जोडतात. म्हणून झूम १७ ला नऊ अक्षरं आणि एक रेघ, १८ ला नऊ आणि दोन रेघा. त्या रेघा कचरा समजून पुसू नका. पुसल्या तर जागा तीच राहते, पण नकाशा भलत्याच झूमवर उघडतो.

या कोडाचा स्वभाव मात्र हळवा. यात कॅपिटल आणि स्मॉल वेगळे, ओ आणि शून्य दोन्ही चालतात, आणि वरच्यासारखा शेवटी अंडरस्कोर आला तर लिंकखालच्या निळ्या रेघेत तो दिसेनासा होतो. पाहून टाइप करणारा माणूस सात अक्षरं टाकतो आणि कुठेतरी आसपास पोचतो, आठ बाय आठच्या एका आख्ख्या घराएवढा चुकून. म्हणून ही लिंक कॉपी-पेस्ट करायला किंवा क्यूआरमध्ये घालायला उत्तम; फोनवर सांगायला किंवा हाताने लिहायला अजिबात नको.

फोनवर सांगताना

तोंडी सांगायला डिजिपिन सर्वात बरा, कारण सोळाच अक्षरं आणि लहान-मोठ्याचा घोळ नाही. तरी सी, पी, टी कानाला सारखी वाटतात, जे आणि के तर जुळीच. जिल्ह्यांची नावं लावा: सी चंद्रपूरचा, जे जळगावचा, के कोल्हापूरचा, एल लातूरचा, एम मुंबईचा, पी पुण्याचा, टी ठाण्याचा. एफसाठी फलटण म्हणू नका. ते इंग्रजीत पी लावून लिहितात आणि ऐकणारा नेमकं तेच लिहून घेतो. एफ फॅनचा. आकडे मराठीत म्हणा, कारण फाइव्ह आणि नाइन खराब लाइनवर एक होतात, पाच आणि नऊ होत नाहीत. तीन-तीन-चार असे तुकडे पाडा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

पत्रिकेवरचा क्यूआर

लिंक आखूड असण्याचा खरा फायदा छपाईत दिसतो. क्यूआरमधल्या ठिपक्यांची संख्या आतल्या मजकुरावर अवलंबून असते. ओपनस्ट्रीटमॅपची खुणेसकट लिंक तीसेक अक्षरांची आणि वरची गूगलची ४२ अक्षरांची. दोन्ही मध्यम दुरुस्ती-पातळीवर (काही ठिपके खराब झाले तरी क्यूआर वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) २९ बाय २९ ठिपक्यांच्या क्यूआरमध्ये बसतात, आणि ४२ ही त्या आकाराची नेमकी कमाल. पाच दशांश घेतले की अक्षरं ४४ होतात आणि क्यूआर एक पायरी वर, ३३ बाय ३३ वर जातो, तेवढं परवडतं. ब्राउझरच्या पट्टीतली दोनशे अक्षरांची लिंक तशीच घातली तर मात्र ५७ बाय ५७ ची जाळी होते. एक ठिपका किमान अर्ध्या मिलिमीटरचा आणि चारही बाजूंना चार-चार ठिपक्यांची पांढरी समास धरली, तर पहिला क्यूआर २ सेंटिमीटरमध्ये मावतो, ३३ चा थोडा जास्त घेतो, दोनशे अक्षरांचा सव्वातीन सेंटिमीटर मागतो. पत्रिकेच्या कोपऱ्यात तेवढी जागा नसते. मग छापणारा तो दाबून लहान करतो आणि कुणाचाच फोन तो वाचत नाही.

क्यूआर बनवणाऱ्या काही फुकट साइट तुमची लिंक आत न घालता स्वतःची घालतात आणि मग तुमच्याकडे वळवतात. म्हणजे पुन्हा बिल्लाच. तयार क्यूआर स्कॅन करून, उघडण्याआधी फोनवर कुठला पत्ता दिसतो ते वाचा. ‘डायनॅमिक’ असा शब्द दिसला तर तो पर्याय सोडून ‘स्टॅटिक’ घ्या.

प्रूफ आलं की त्यावरचा क्यूआर स्क्रीनवर नाही, कागदावर स्कॅन करा. एका अँड्रॉइडवर, एका आयफोनवर, आणि नकाशाचं ॲप नसलेल्या एखाद्या जुन्या फोनवर. पिन फाटकात पडते का, नाव नसलेल्या बिंदूवर खूण दिसते का, ते पाहा. सोनेरी फॉइलवर किंवा मरून कागदावर पांढऱ्या ठिपक्यांचा क्यूआर मागू नका. चमक कॅमेऱ्याला आंधळं करते, आणि उलटे रंग काही फोन वाचतच नाहीत. पांढऱ्या चौकोनावर काळी शाई, मग भोवती कितीही वेलबुट्टी काढा.